हवेतली रांग

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ साली मुलं जपानी शिकू लागली. गावात जपानी शिकवणारं कोणी नव्हतं. सुरुवातीची सगळी भिस्त इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांच्यावर होती. अशा शाळेत इंटरनेट अडखळलं की भाषाच अडखळते.

त्याच जिल्ह्यात गंगापूरच्या एखाद्या वर्गात चाळीस मोबाइल एका वायफायला जोडले, तर हवेत काय चालतं? साध्या वायफायमध्ये एका चॅनलवर एका क्षणी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले, की बहुधा दोघांचंही बोलणं वाया जातं. नंबर लावणारं मात्र कोणी नसतं! प्रत्येक फोन आधी ऐकतो. शांतता झाली की ० ते १५ मधला एक आकडा मनाशी धरतो आणि तेवढे क्षण थांबतो. यातला एकेक क्षण सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त नऊ भागांचा. टक्कर झालीच, तर पुढच्या खेपेला ३१ पर्यंतचा आकडा, मग ६३ पर्यंतचा. चाळीस खिशांत हा समजूतदारपणा अखंड चालू असतो.

पण भिंतीआडचा, रेंज कमी असलेला फोन हळू बोलतो. माहितीचं १५०० बाइटचं एक पाकीट सेकंदाला १ मेगाबिट वेगाने पाठवायला त्याला १२ मिलिसेकंद लागतात. ५४ मेगाबिट वेगाच्या फोनला पाव मिलिसेकंदही लागत नाही. हळू फोनचं पाकीट जाईपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. म्हणून वायफायचा डबा ऑफिसात नव्हे, वर्गातच हवा आणि जुने मंद वेग सेटिंगमधून बंदच करावेत.

पुढची गर्दी शाळेबाहेर जाणाऱ्या लाइनवर होते. कोणी बघत नसतानाही ॲप अपडेट होतात, फोटो वर चढतात, पुढचा व्हिडिओ आधीच उतरतो. तिथली युक्ती मला सगळ्यात थक्क करते. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेला जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी उपाय काढला: पाकीट हरवलं, की पाठवणाऱ्याने गर्दी ओळखून आपणच हात आखडता घ्यायचा. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी राउटरसाठी 'कोडेल' मांडलं. पाकिटांचं रांगेतलं थांबणं पाच मिलिसेकंदांपलीकडे रेंगाळलं, की राउटर एखादं पाकीट मुद्दाम टाकून देतो. तो इशारा दूरच्या सर्व्हरला कळतो आणि तो वेग उतरवतो.

याला स्वतंत्र रांगांची जोड दिली, की गावच्या नळावर हंडे भरणाऱ्यांच्या मधून तांब्यावाल्याला वाट मिळावी तसं होतं. जपानी शब्दाचा अर्थ विचारणारं एवढंसं पाकीट व्हिडिओच्या ढिगामागे अडकत नाही. कोणतं ॲप चालू आहे हे राउटरला माहीत असण्याचीही गरज नाही. एवढं करून शाळेच्या फोनांचे अपडेट रात्रीवर टाकले, तर दिवसाची लाइन धड्यासाठी मोकळी राहते.