बोल्ट फिरला!

शनिवारी रात्री पिंपरी, चिंचवड किंवा आकुर्डी स्टेशनवर लोणावळा लोकल पकडायला आलेली एक मंडळी तुम्ही नक्की पाहिली असेल. पाठीवर भलीमोठी सॅक, सॅकेवर दोराचं वेटोळं, डोक्यावर टोपी. यातले काही कॉलेजचे, बरेचसे कारखान्यांतले. आठवडाभर मशीनवर उभं राहायचं आणि सुट्टी मिळाली की सह्याद्रीच्या कड्यावर लटकायचं, असा त्यांचा उलटा न्याय!

त्यांच्या सॅकेत डोकावलात तर कॅराबिनर, हार्नेस, हातोडा या सगळ्यांबरोबर कधी कधी एक ओळखीची वस्तू सापडेल. बोटाएवढा जाड, वीतभरापेक्षा बराच आखूड बोल्ट. तुमचे बाबा भोसरीत किंवा चाकणला कामाला असतील तर त्यांना विचारा. ते म्हणतील, "हा तर आमच्या शॉपमध्ये मशीन जमिनीला पकडायला वापरतात तो!" आणि ते अगदी बरोबर आहे.

हा बोल्ट काम कसा करतो ते पाहा. काँक्रीटला किंवा कातळाला नेमक्या मापाचं भोक पाडायचं. आतली धूळ फुंकून साफ काढायची, नाहीतर पकड येत नाही. मग बोल्ट आत ठोकायचा आणि नट आवळायचा. बोल्टचं आतलं टोक पाचरीसारखं असतं आणि त्याच्याभोवती धातूची पातळ पट्टी. नट आवळताना बोल्ट बाहेर ओढला जातो, पाचर पट्टीला फाकवते आणि पट्टी भोकाच्या भिंतीत घट्ट रुतते. म्हणजे बाहेर ओढायला जावं तितका तो जास्तच आवळतो! युरोपातल्या मानकाप्रमाणे कड्यावरच्या बोल्टने खालच्या दिशेची २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टनांची ओढ सोसली पाहिजे. तीन मारुती ८०० टांगा की खुशाल.

असे बोल्ट मारलेल्या उंच वाटा युरोपात आल्प्समध्ये शेकड्यांनी आहेत. दोर साधारण पन्नास-साठ मीटरचा असतो, भिंत मात्र तीनशे मीटरची. मग करायचं काय? टप्पे पाडायचे. या टप्प्याला चढाईवाले 'पिच' म्हणतात (क्रिकेटशी संबंध नाही!). पुढचा गडी चढत जातो, वाटेतल्या प्रत्येक बोल्टला कॅराबिनर लावून त्यात दोर अडकवतो. खालचा गडी दोर सांभाळून सोडत राहतो. याला 'बिले' देणं म्हणतात. टप्प्याच्या शेवटी दोन बोल्ट शेजारी शेजारी असतात, एक दगा देईल तर दुसरा हवा म्हणून. तिथे स्वतःला बांधून घ्यायचं, मागच्यांना वर घ्यायचं आणि पुढचा टप्पा सुरू.

या बोल्टवरून भांडणंही झाली आहेत बरं का! चेझारे माएस्त्री या इटालियन गिर्यारोहकाने १९७० साली दक्षिण अमेरिकेतल्या सेरो तोरे सुळक्यावर चक्क कॉम्प्रेसर चढवून शेकडो बोल्ट ठोकले. त्यावर जगभर काहूर उठलं. डोंगराला असं खिळे ठोकून जिंकायचं, तर मग शिडीच का लावत नाही? २०१२ मध्ये दोन तरुणांनी त्यातले शंभराहून जास्त बोल्ट उपटून टाकले, तेव्हा पुन्हा भांडण! मला विचाराल तर जिथे मेख बसायला भेग नाही तिथे बोल्ट हवा, पण हाताला धरायला कातळ असताना दर पावलाला नको.

आपल्याकडे आल्प्सच्या तोडीची उंची नाही, पण कडे आहेत. लोणावळ्याच्या दक्षिणेला मुळशी तालुक्यात तैलबैला आहे. पावाच्या दोन स्लाइस उभ्या ठेवाव्यात तशा दोन काळ्या भिंती, मधे खिंड, खिंडीत देव. खंडाळ्याच्या घाटात नागफणी, म्हणजे ड्यूक्स नोज, तर गाडीतूनही दिसतं. आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कठीण बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये मऊ लालसर थर, तो हाताने कुस्करतो. वर घसारा. शिवाय आग्या मोहोळं! आणि या सगळ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस. साध्या लोखंडाचा बोल्ट किती वर्षं टिकेल? वरून गंजलेला दिसतो तो आतून केवढा खाल्ला गेलाय ते डोळ्यांना कळत नाही. हेच आमच्या गटाला काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका लहान सुळक्यावर भोगावं लागलं.

गटात एक काका आहेत. चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला. त्या दिवशी त्यांचा नववीतला मुलगाही आला होता, आयुष्यातला पहिला सुळका. पहिला टप्पा झाला. आम्ही तिघे एका अरुंद कंगोऱ्यावर, दोन चांगल्या बोल्टना बांधलेले. काका पुढे निघाले, बिले मी देत होतो. कंगोऱ्यापासून चार मीटरवर एक धड बोल्ट होता, तिथे त्यांनी दोर अडकवला. सहा मीटरवर दुसरा, जुना. त्यांनी त्याला नुसता हात लावला आणि ओरडले, "बोल्ट फिरतोय! दोर आवळून धर!"

मग हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. चांगल्या दगडाचा आवाज 'खण्' येतो, इथे 'डब' आला.

माथा त्यांच्यापासून फक्त तीन मीटरवर होता. चढ सोपा दिसत होता आणि काकांनी याहून अवघड किती चढलेत! मुलगा खालून म्हणाला, "पप्पा, जा ना, थोडंच राहिलंय."

आता जरा गणित करा. नऊ मीटरवर हात सुटला, तर शेवटचा धड बोल्ट पाच मीटर खाली. माणूस आधी त्या बोल्टपर्यंत पाच मीटर पडेल आणि तेवढाच त्याच्या खाली. एकूण दहा मीटर. कंगोरा मात्र नऊ मीटरवरच! म्हणजे दोर ताणला जाण्याआधीच ते कंगोऱ्यावर आपटले असते.

काका दोन मीटर खाली उतरले. धड बोल्टमध्ये एक कॅराबिनर तसाच सोडला, मी त्यांना दोराने हळूहळू खाली घेतलं. तिथून रॅपलिंग करून आम्ही पायथ्याला. माथा राहिला.

परतीच्या लोकलमध्ये पोरगा गप्प. मळवली गेलं, तळेगाव गेलं, तरी गाल फुगलेलेच. शेवटी देहूरोडला काकाच बोलले.

"कंपनीत मशीनचा बोल्ट सैल सापडला तर मी काय करतो?"

"मशीन बंद करता."

"सुपरवायझर ओरडतो?"

"ओरडत असेल."

"ओरडतोच. प्रॉडक्शन बुडतं ना त्याचं. ओरडू दे."

पोरगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण तीनच मीटर होते हो पप्पा."

"हो ना," काका म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलंच होतं.

जुने बोल्ट बदलणं हे आता सह्याद्रीत एक कामच होऊन बसलं आहे. पुण्याच्या 'सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्ह'सारख्या गटांनी जुन्या वाटांवर नवे बोल्ट बसवले आहेत. पूर्वी लटकत्या अवस्थेत हातोडा-छिन्नीने एक भोक पाडायला अर्धा-पाऊण तास जाई, आता बॅटरीवरच्या ड्रिलने काही मिनिटांत होतं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घेतात आणि त्यावरची पट्टीही त्याच धातूची. एक स्टेनलेस आणि दुसरं साधं लोखंड असं एकत्र आलं की ओलाव्यात साधं लोखंड भराभर गंजतं. (पालकांनो, मुलांना हे शिकायचं असेल तर आधी शहरातली कृत्रिम भिंत, जाणकार शिक्षक आणि हेल्मेट. यूट्यूब पाहून नाही!)

आमच्या सुळक्यावर पुढच्या हिवाळ्यात अनुभवी मंडळींबरोबर जाऊन आम्ही तो बोल्ट बदलला. जुना बोल्ट नुसत्या पान्याच्या हिसक्याने हातात आला, आतून पेन्सिलीएवढा उरलेला. काकांनी नवा बोल्ट टॉर्क रेंचने आवळला आणि नटावरून कातळापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. कारखान्यात ओढतात तशी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

मुलगा त्या दिवशी माथ्यावर गेला. वाटेत त्याने चार मीटरवरचा तो सोडलेला कॅराबिनर काढून घेतला. पावसाळाभर बाहेर राहिलेला, त्यामुळे चढाईला तो आता वापरत नाहीत. काकांच्या स्कूटरच्या किल्ल्या त्यात असतात.