पाठीवरची पाणपिशवी

पावसाळा सरला की सह्याद्रीतील बहुतेक ओहोळ आटत जातात. मग चढणीवर सांडलेले पाणी पुन्हा मिळणे कठीण. म्हणून नळीने पाणी ओढून पिण्याची पाणपिशवी पारखूनच घ्यावी, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. भिस्ती पाठीवर वाहत असे त्या कातडी पखालीचाच हा नवा अवतार होय.

गळतीच्या जागा मुख्यतः तीन : तोंडाचे झाकण, नळीचा सांधा आणि दातांनी दाबावयाची तोटी. झाकणातील रबरी कडे अखंड व स्वच्छ असावे. तोटी बंद करण्याची सोय असावी, नाहीतर नुसत्या दाबानेही पाणी ठिबकते. तोंड हात आत जाईल इतके रुंद असावे. म्हणजे पिशवी आतून घासता येते व बुरशी धरत नाही.

परीक्षा सोपी आहे. पिशवी भरून वर्तमानपत्रावर आडवी ठेवावी व वर दोन जाड पुस्तके ठेवावीत. सकाळी कागद कोरडा असेल, तर पिशवी विश्वासाची.

२ लिटर पाण्याचे ओझे २ किलो होते, हे खरे. परंतु ते पीतपीत हलके होणारे ओझे आहे. तरीही एक लहान बाटली वेगळी बाळगावी. एकाच सांध्यावर साऱ्यांची तहान सोपविणे शहाणपणाचे नव्हे.