वासोट्याचा बेत आखताना परतीचे गणित आधी

पावसाळा सरतो, बामणोलीच्या बोटी वासोट्याकडे पुन्हा जाऊ लागतात आणि सातारा, पुणे, मुंबईचे ट्रेकर बेत आखायला लागतात. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला उतरायचे. तिथून शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोटीचा प्रवास, मेट इंदवलीच्या वन चौकीत नोंद आणि मग दाट झाडीतून दोन-अडीच तासांची चढण. कोयना अभयारण्यातला हा व्याघ्रगड आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मुक्कामाला परवानगी नाही. चढणीच्या वाटेवर वस्ती नाही, टपरी नाही आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही.

अशा ट्रेकच्या तयारीच्या यादीत बूट, सॅक, टॉर्च, डबा, कॅमेरा हे सगळे असते. एक प्रश्न मात्र बहुतेक याद्यांतून सुटतो. माथ्यावर कुणाला काही झाले, तर त्याला रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल?

हिशेब सोपा आहे. धडधाकट माणसाला गड उतरायला दीड-दोन तास लागतात. रुग्णाला उचलून आणायचे तर त्याच्या दुप्पट वेळ धरावा. पुढे बोटीचा तास-दीड तास आणि बामणोलीहून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचा घाटरस्ता. म्हणजे सगळे सुरळीत झाले, तरी सहा-सात तास सहज जातात. १०८ची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते, आणि इथे रस्ता जलाशयाच्या पलीकडे आहे. कोणी जायचे, सोबत काय घ्यायचे आणि कुठून परत फिरायचे, हे तिन्ही निर्णय याच आकड्यावर बेतायला हवेत.

कोणी जावे?

एरवी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने एका रविवारी अचानक तीन तास चढ चढणे, हा हृदयावर मोठा ताण असतो. वय चाळिशीपुढे असेल आणि जोडीला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सर्वांनीच सहा ते आठ आठवडे आधी चालण्याचा सराव सुरू करावा आणि त्यात जिने किंवा टेकडी असावी. तीन-चार मजले चढताना छाती भरून येत असेल, तर वासोटा त्या वर्षी नको.

चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि मळमळ जाणवली, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे चालू नये. तिथेच बसावे. एकाने चौकीकडे मदतीसाठी निघावे आणि रुग्णाला शक्यतो न चालवता खाली आणावे.

मधुमेहाच्या रुग्णाची अडचण वेगळी असते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन, न्याहारी टाळून चढायला लागले, की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे आणि १५ मिनिटांनी गरज वाटल्यास पुन्हा द्यावे. त्या दिवशीचा औषधाचा डोस किती घ्यायचा, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. कुणाला कोणता आजार आहे आणि त्याची औषधे सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहेत, हे म्होरक्याला आणि आणखी एकाला माहीत हवे. आजार लपवून येणारा माणूस सगळ्या गटाचे ते सहा-सात तास पणाला लावतो.

पाणी आणि मीठ

झाडीत सावली असली तरी हवा दमट असते आणि घाम वाळत नाही. चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. माणशी तीन-चार लिटर पाणी आणि ओआरएसची दोन-तीन पाकिटे हवीतच. मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे. कमी पाण्यात कालवले तर ते अपायकारक ठरते. नुसते साधे पाणी भराभर पीत राहिल्यानेही रक्तातले सोडियम उतरून गरगरते, म्हणून सोबत खारे शेंगदाणे, चिक्की, दशम्या असे काही खात राहावे. ओढ्याचे किंवा टाक्याचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी क्लोरीनची गोळी टाकून अर्ध्या तासाने प्यावे.

थकवा, डोकेदुखी, पेटके ही उन्हाची पहिली पायरी. सावली, विश्रांती आणि ओआरएसने ती आवरते. पण अंग तापले आहे आणि माणूस बरळतो आहे, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा आधी अंगावर पाणी ओतून, वारा घालून त्याला तिथेच थंड करावे आणि मग हलवावे.

साप, विंचू, मधमाश्या

आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेली असते. सह्याद्रीच्या जंगलात चापडाही आढळतो आणि त्याच्या विषावर ही लस बनवलेली नाही. त्यामुळे पाय आणि हात कुठे पडतो, हे पाहणे हाच मोठा बचाव. घोट्यापर्यंतचे बूट घालावेत, हातात काठी असावी, दगडाच्या कपारीत न पाहता हात घालू नये.

साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे, जडीबुटी लावणे यांतले काहीही करू नये. अंगठी, कडे, बूट काढावेत. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने, हाड मोडल्यावर बांधतात तसा स्थिर करावा. रुग्णाला चालवू नये, उचलून न्यावे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. रुग्णालयात साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, हे पाहतात. पापण्या जड होत आहेत का, हेही पाहतात. लस द्यायची की नाही हे त्यावरून ठरते, सापाच्या नावाची वाट पाहिली जात नाही.

विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, थंड हातपाय दिसले तर विष हृदयावर काम करते आहे, असे समजून तातडीने हलवावे. यावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामातून जगापुढे आले.

कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर, अत्तर आणि गोंगाट यांनी त्या माश्या उठतात. उठल्या तर तोंड झाकून, कड्याच्या कडेपासून आत, झाडीकडे पळावे आणि काटे लवकरात लवकर खरवडून काढावेत. अंगभर गांधी, ओठ सुजणे, श्वास अडकणे ही जीवघेण्या ॲलर्जीची लक्षणे आहेत आणि तिच्यावर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लागते. पूर्वी असा त्रास झालेल्याने डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊच नये.

परत फिरण्याची वेळ

घसरून पडणे, पाय मुरगळणे हे बहुधा उतरताना होते. मांड्या थकलेल्या असतात आणि बोट चुकेल म्हणून घाई असते. पाय मुरगळल्यावर माणूस त्यावर भार देऊन चार पावलेही टाकू शकत नसेल, तर हाड मोडले आहे असे धरून आधार बांधावा.

ही घाई टाळायची तर वेळ घरीच ठरवावी. बोट नऊला सुटली, साडेदहाला चौकी गाठली, तर एक-दीडला माथा. चारला परतीची बोट धरायची असेल, तर दीड ही परत फिरण्याची वेळ. घड्याळात दीड वाजले की माथा समोर दिसत असला तरी मागे वळायचे. सर्वांत हळू चालणारा पुढे असावा, अनुभवी माणूस शेवटी, आणि कुणालाही एकटे मागे सोडू नये.

परतल्यानंतर

घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कमरेचा पट्टा, कानामागची जागा नीट पाहावी. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल किंवा आगकाडी लावू नये.

पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस साध्या तापासारखाच सुरू होतो. कधीकधी अंगावर सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते, पण ती झाकल्या जागी असल्याने लक्षात येत नाही. नेहमीची अनेक प्रतिजैविके या आजारावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध मात्र वेळेत सुरू केले, तर रुग्ण दोन-तीन दिवसांत सावरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत आजार जातो.

निघण्याच्या आदल्या रात्री एक कागद घरी ठेवावा. त्यावर सर्वांची नावे, आजार, औषधे, बोटवाल्याचा क्रमांक, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर वन विभागाला व पोलिसांना (११२) कळवायचे, एवढे लिहिलेले असावे. रेंज नसलेल्या जंगलात अडकलेल्या माणसासाठी मदत लवकर निघेल की नाही, हे बऱ्याचदा या कागदावर अवलंबून असते.