बुरशी काढा, उडवू नका

पावसाळा सरला की मुंबई-कोकणातल्या घरांत भिंतीवरची काळी बुरशी काढायला घेतात, आणि पहिला हात जातो कोरड्या ब्रशकडे. नेमकं तेच टाळायचं. बुरशीचे बीजाणू बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे. घासताच ते असंख्य सुटतात आणि बराच वेळ हवेत तरंगत राहतात. पंखा चालू असेल तर घरभर पसरतात.

म्हणून आधी पंखा आणि एसी बंद. दाराच्या चौकटीवर जाड प्लास्टिक टेपने चिकटवावं आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावावा. खरी मेख इथे आहे: खोलीतला दाब उरलेल्या घरापेक्षा थोडा कमी होतो, त्यामुळे फटींतून हवा आत येते, बाहेर जात नाही. प्लास्टिक खोलीच्या आतल्या बाजूला फुगलं की जमलं.

मग साबणाच्या पाण्याने भिंत ओली करून पुसावी. तोंडावर एन-९५ मास्क हवाच. साधा व्हॅक्यूम क्लिनर नको, तो बीजाणू मागून परत हवेत सोडतो; हेपा फिल्टरचा चालेल. सुटलेले पोपडे आणि फडकी त्याच खोलीत पिशवीत बांधावीत. ब्लीचवर फार विसंबू नये, कारण मेलेल्या बीजाणूंनीही ॲलर्जी होते.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था साधारण १० चौरस फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढण्याजोगा मानते. त्याहून मोठा असेल तर जाणकार बोलवावा, आणि ओल गळक्या पाइपमुळे येत असेल तर तो सफाईच्या आधीच दुरुस्त करावा.