शिपायाचा शिधा, सरकारची शेती

इ.स.पू. 61 मध्ये झाओ चोंगगुओ या सत्तरी ओलांडलेल्या चिनी सेनापतीने हान सम्राट शुआन याला मोहिमेवरून अर्ज धाडला. त्यात शौर्याच्या गोष्टी कमी, हिशेबच जास्त. आजच्या छिंगहाय प्रांतात तो छियांग टोळ्यांशी लढत होता. त्याची माणसे, घोडे आणि बैल मिळून महिन्याला 1,99,630 हू धान्य फस्त करत. एक हू म्हणजे साधारण 20 लिटर. म्हाताऱ्याचे म्हणणे सरळ होते : घोडदळ माघारी न्या, 10,281 पायदळ ठेवा आणि त्यांच्या हाती नांगर द्या. धान्याचा खर्च 27,363 हूंवर येईल.

सम्राटाला झटपट विजय हवा होता. दरबारात आधी दहांतले तिघेच झाओच्या बाजूचे होते. अर्जांमागून अर्ज आले तसे पाच झाले, शेवटी आठ. पुढच्याच वर्षी छियांग शरण आले आणि झाओने ती वसाहत स्वतःच आवरती घेतली. चिनी इतिहासातली ही बहुधा सर्वांत नावाजलेली लष्करी शेती. टिकली मात्र जेमतेम वर्षभर.

जी टिकली ती उत्तरेला, गोबीच्या कडेला जुयानमध्ये. उत्तरेकडच्या भटक्या शिओंग्नू टोळ्यांच्या वाटेवर इ.स.पू. 102 मध्ये लू बोदे याने तिथे ठाणे बांधले. एत्झिन नदीचे पाणी पाटाने आणून वाळवंटात राळा आणि गहू पिकवायचा, हा बेत. कामाची वाटणी चोख होती. बुरुजावर पहारा देणारे वेगळे, नांगर धरणारे वेगळे, पाट राखणारे वेगळे. शेतीचे अधिकारीही लढाऊ अधिकाऱ्यांपासून वेगळे, त्यामुळे पिकवणारा आणि खाणारा यांच्यामध्ये कोठार आणि कोठाराची वही उभी. झाओ गुओ या अधिकाऱ्याने रुळवलेली पद्धतही इथवर पोचली असावी : सरीत पेरायचे आणि पुढच्या वर्षी सरी-वरंब्याची अदलाबदल करायची. तिच्या नावाचे एक कोठारच जुयानच्या नोंदींत सापडते.

या नोंदी लाकडी पट्ट्यांवर आहेत, जेमतेम वीतभर लांबीच्या. 1930-31 मध्ये फोल्के बर्गमन या स्वीडिश संशोधकाला अशा सुमारे 10,000 पट्ट्या मिळाल्या. 1970 च्या दशकात आणखी सुमारे 20,000. शिधावाटपाच्या पट्ट्या मला सर्वांत बोलक्या वाटतात. शिपायाला महिन्याला तीन शीहून थोडे जास्त धान्य (शी हे हूइतकेच माप), बायकोला दोनहून थोडे जास्त. मुलांचे वय बघून : सातच्या आतले एका गटात, सात ते चौदा दुसऱ्या. एकाच वयाच्या मुलग्याला मात्र मुलीपेक्षा जास्त. सातच्या आतल्या मुलीच्या वाट्याला एक शीहून जरासेच अधिक. सरहद्द राखायला आलेल्या शिपायाबरोबर त्याचे बिऱ्हाड होते आणि सरकार त्यातले प्रत्येक तोंड मोजत होते.

ठाण्यांतल्या सामानाच्या एका वहीच्या 77 पट्ट्या तागाच्या दोरीसकट शाबूत मिळाल्या. काळ इ.स. 93 ते 95. धनुष्यांबरोबर तिच्यात एक जुने भांडे आणि दोन जाती आहेत. एका जात्याच्या वरच्या तळीचे टवके कुठे उडालेत, तेही कारकुनाने लिहून ठेवले आहे. नवे जाते मागण्याआधी जुन्याचा जाब द्यावा लागत असणार.

हान साम्राज्याची सरहद्द भिंतीने राखली, असे आपण शाळेत शिकतो. भिंत होतीच, पण तिच्यावरच्या माणसाला रोज जेवू घालणारी ही कारकुनी जास्त कामाची होती, असे माझे मत. बर्गमनच्या पट्ट्या युद्धकाळात हाँगकाँगमार्गे अमेरिकेत गेल्या, 1965 मध्ये तैवानला आल्या आणि आज तैपेईच्या अकादेमिया सिनिकात आहेत.