तबला बंद, राग चालू

चरणजित सिंग यांचं नाव निघालं की आजकालची पोरं हमखास सांगतात, 'ॲसिड हाउस' या यंत्रावरच्या नृत्यसंगीताचा जनक तो! जुन्या हिंदी तबकड्यांच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून बरं वाटतं, पण पटत नाही. शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रयीची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ सालची. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही सिंग यांची मुंबईची तबकडी १९८२ची. तिकडच्यांनी इकडचं ऐकल्याचा काडीचा पुरावा नाही. जगाच्या दोन टोकांना दोघांच्या हाती एकच यंत्र, टीबी-३०३, लागलं, एवढंच. जनकपदाच्या या वादात मुंबईच्या माणसाने त्या यंत्राचं काय केलं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

आधी त्यांची ओळख, घाईघाईने. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार, बेस, ऑर्गन, जे समोर येईल ते वाजवायचे. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन, सगळ्यांकडे त्यांनी हजेरी लावली. 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे विजेवरच्या अकॉर्डियनचा, धुंद सूर त्यांचा. शिवाय पार्ट्यांमध्ये वाजवणं आणि एचएमव्हीसाठी सिनेगीतांच्या नुसत्या वाद्यधून काढणं. श्रेयनामावलीत अशा वादकांचं नाव क्वचितच यायचं.

१९८२ म्हणजे डिस्कोचा भर. 'कुर्बानी' १९८०चा, नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' १९८१ची, आणि वर्षअखेरीला मिथुनचा 'डिस्को डान्सर'. डिस्को तर डिस्को, पण आपण त्यात काही वेगळं करावं, असं सिंग यांच्या मनात आलं. तबला काढून टाकायचा, ठेका यंत्राला द्यायचा आणि वर राग वाजवायचा.

जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं त्यांच्याकडे होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. ही ३०३ बाजारात आली ती बेस गिटारवाला नसेल तर त्याची जागा भरायला. त्या कामात ती साफ नापास झाली. तिचा आवाज गिटारसारखा मुळीच नव्हता आणि सूर भरण्याची पद्धत डोकं पिकवणारी. साधारण दहा हजार नग काढून कंपनीने १९८४मध्ये उत्पादन थांबवलं. मग ही यंत्रं जुन्या बाजारात पडत्या भावात मिळू लागली आणि शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. सिंग यांनी मात्र ती नवीकोरी असतानाच ताब्यात घेतली होती.

आता माझ्या आवडीचा भाग. ३०३ एका वेळी एकच सूर काढते. सोळा घरांची माळ, प्रत्येक घरात एक सूर. हव्या त्या सुरावर आघात देता येतो, आणि 'स्लाइड' लावली की एक सूर न तुटता दुसऱ्यावर घसरत जातो. एकच स्वरओळ, सुरांमधली घसरण आणि पुन्हा पुन्हा परतणारं आवर्तन. हे वर्णन कुठल्या जपानी यंत्राचं वाटतं का? ते तर आपल्या रागसंगीताचंच. आपल्याकडे आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं आणि ते १९७१पर्यंत बंदच राहिलं. आक्षेपांतला मोठा आक्षेप हाच, की पेटीतून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर न तुटता जाणारी घसरण, निघत नाही. पेटीला न जमलेलं, आवाजापायी नापास ठरलेल्या या डबीला थोडंबहुत जमत होतं. अर्थात तिची घसरण ठरलेल्या वेगाचीच. सतारीची मींड कलाकाराच्या मर्जीने रेंगाळते, ही रेंगाळत नाही.

दुसरी गोष्ट कॉर्डची. सिनेमातल्या डिस्कोत कॉर्ड सारखे बदलतात, त्यामुळे रागाचा जीव गुदमरतो. सिंग यांनी ते बदल जवळजवळ काढूनच टाकले. खाली षड्ज धरून बेस बुडबुडत राहतो आणि वर ज्युपिटर गत वाजवतो. तंबोऱ्याचं काम बेसकडे गेलं, दुसरं काय. ललतातले दोन्ही मध्यम डिस्कोच्या ठेक्यावर ऐकताना मी पहिल्यांदा हसलो होतो. नंतर हसू आलं नाही.

त्यात १९८२ साली यंत्रांना एकमेकांशी जोडणारं मिडी नव्हतं, ते आलं पुढच्या वर्षी. तिन्ही यंत्रं एकमेकांच्या तालात चालवायची तर ८०८च्या स्पंदनांवर बाकीच्यांना बांधावं लागे.

हिंगणघाटच्या एका ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवादकाला मी हे मोबाइलवर ऐकवलं. त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड होता, तोही रोलँडचाच. विदर्भात गणपतीच्या मंडपापासून लग्नाच्या वरातीपर्यंत या कंपनीचं वाजलं नाही असं गाव नसेल. तो म्हणाला, "भाऊ, हे एकटाच वाजवून राह्यला का? मंग मानलं बुवा. तबलेवाला असला त डोळ्यानं खुणावता येते, थोडा थांबते थो. मशीन कोनासाठी थांबते?" मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात हा मुद्दा नव्हता. ताना घेऊन बिनचूक समेवर येणारे सिंग एका हट्टी, बहिऱ्या साथीदाराबरोबर वाजवत होते.

तबकडी आपटली. सिंग पुन्हा पार्ट्यांकडे वळले. २००२मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या दुकानात ती सापडली, आणि २०१०मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा कित्येकांना ती एखाद्या इंग्रज संगीतकाराने केलेली थट्टा वाटली. मुंबईतल्या एका वादकाला हे सुचलंच कसं, या संशयामागची मग्रुरी मला आजही सलते. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी मग युरोपच्या रंगमंचांवर हेच राग वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत ते गेले.

सिंग यांनी एकट्याने यंत्रांवर केलं, तसं आज घरबसल्या लॅपटॉपवर गाणं रचून बाजारात आणणारी मराठी मुलं आहेत. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' २०२४मध्ये स्पिनिन' या डच लेबलवर आलं. जळगावच्या संजू राठोडच्या 'गुलाबी साडी'ची धूम तर सांगायलाच नको. त्यांच्यावर पुढेमागे स्वतंत्र लिहीन.

तूर्त सिंग यांचं ऐकायचं असेल तर 'ललत'पासून सुरुवात करा, मग 'मधुवंती', मग 'कलावती'. 'यमन' राहून गेला तरी चालेल. दहांत सगळ्यात सपक तोच झालाय.