मोटारीचा ‘कारभारी’ बिघडतो तेव्हा...
बीसीएम बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी कोणत्या तपासण्या आवश्यक?

खास प्रतिनिधी

दरवाजे बंद असूनही आतील दिवा जळत राहतो, रिमोटचे बटन दाबूनही कुलूप उघडत नाही, वायपर मध्येच थांबतो आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली असते. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या अशा तक्रारी एकाच गाडीत एकाच वेळी उद्भवल्या, की गॅरेजमध्ये हल्ली एक ठरलेले उत्तर मिळते - ‘बीसीएम गेला, बदलावा लागेल.’ हा भाग हजारो रुपयांचा असतो. तो बदलूनही दोष कायम राहिल्याचा अनुभव अनेक वाहनधारकांना येतो. म्हणूनच बीसीएम म्हणजे नेमके काय, त्याचा बिघाड कसा ओळखावा आणि तो बदलताना कोणती काळजी घ्यावी, हे वाहनधारकाने समजून घेणे हिताचे आहे.

एक पेटी, अनेक कामे

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूल. इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक वेगळा असतो. दिवे, इंडिकेटर, वायपर, काचा, सेंट्रल लॉकिंग, हॉर्न आणि अनेक गाड्यांमध्ये चोरीला प्रतिबंध करणारी इमोबिलायझर यंत्रणा यांचा कारभार बीसीएमकडे असतो. बहुतेक गाड्यांत ही पेटी डॅशबोर्डखाली, फ्यूजच्या पेटीजवळ बसवलेली आढळते.

जुन्या गाड्यांत बटनापासून दिव्यापर्यंत थेट वायर जात असे. सोयी वाढल्या तशा वायरींची जुडगीही जाड होत गेली. त्यावर उपाय म्हणून बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही संदेशवहनाची पद्धत जाहीर केली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून गाडीतील सर्व संगणक परस्परांशी बोलू लागले. आता चालक बटन दाबतो तेव्हा तो बीसीएमला केवळ विनंती करीत असतो. ती विनंती तपासून दिव्याला किंवा मोटरला वीज देण्याचे काम बीसीएम करतो. साहजिकच बटन, वायर, दिवा, वीजपुरवठा यांपैकी कोठेही दोष असला तरी संशयाची सुई बीसीएमकडे वळते.

एक बोलके उदाहरण

जनरल मोटर्स कंपनीने मे २०१४ मध्ये अमेरिकेत सुमारे २४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २००४ ते २०१२ या काळातील शेवरोले मालिबू, पाँटिऍक जी-६ आणि सॅटर्न ऑरा या गाड्यांचा त्यात समावेश होता. ब्रेक दाबूनही मागचे दिवे न लागणे अथवा ब्रेक न दाबता ते लागणे, असा हा दोष होता. मागून येणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने तो धोकादायकच. शोध घेतला असता बीसीएमच्या जोडणीतील पिना सूक्ष्म हालचालीने झिजून गंजल्याचे आणि त्यामुळे विजेला अडथळा होत असल्याचे निष्पन्न झाले. उपाय म्हणून जोडणीत वीजरोधक ग्रीस लावण्यात आले आणि ती हलू नये अशी व्यवस्था करण्यात आली. दोष पेटीत नसून तिच्या जोडणीत असू शकतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

तपासणी कशी व्हावी?

पहिला मान बॅटरीचा. पूर्ण भरलेल्या व काही तास विसावलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन सुरू असताना हा आकडा साधारणपणे १३.५ ते १४.५ असतो. दाब कमी पडला की संगणक विचित्र वागू लागतात. अशक्त बॅटरीमुळे निर्माण झालेला गोंधळ बीसीएमच्या माथी मारला जाण्याची शक्यता असते.

त्यानंतर फ्यूज. बीसीएमला एकाहून अधिक फ्यूजमधून वीज मिळते. त्यातील एक जळाला तर निम्मी कामे चालू व निम्मी बंद, असे चित्र दिसते. फ्यूज केवळ डोळ्यांनी न पाहता मीटरने तपासावा.

तिसरी पायरी अर्थिंगची. दिवे चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि बीसीएमची अर्थिंगची पिन यांच्यामधील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक भरले, तर अर्थिंगच्या वायरीत किंवा तिच्या बोल्टवर गंज आहे असे समजावे. सँडपेपरने घासून बोल्ट घट्ट केल्यावर अनेक तक्रारी तेथेच मिटतात.

यानंतरच स्कॅनर जोडावा. चालकाच्या पायांच्या वरच्या बाजूस असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला तो जोडला जातो. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. येथे गरज असते ती ‘बी’ आणि ‘यू’ कोडची. ‘बी’ म्हणजे बॉडी, तर ‘यू’ म्हणजे संदेशवहनातील दोष. ‘यू ०१४०’ हा कोड बीसीएमशी संपर्क तुटल्याचे सांगतो. तो का तुटला, हे मात्र सांगत नाही. बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमधील रोध मोजल्यास बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास येतो. १२० ओहम आल्यास कॅनची वायर कोठेतरी तुटल्याचा आणि शून्याजवळ आल्यास दोन वायरी एकमेकींना चिकटल्याचा संशय घ्यावा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी अनेकदा येथेच पकडल्या जातात.

निर्णायक चाचणी अखेरची. काचेचे बटन दाबले असता स्कॅनरवर ‘बटन दाबले’ अशी नोंद उमटते का, हे पाहावे. उमटत नसेल तर दोष बटनात किंवा त्याच्या वायरीत शोधावा. नोंद उमटत असेल तर स्कॅनरवरूनच काच खाली घेण्याची आज्ञा द्यावी आणि बीसीएमच्या संबंधित पिनेवर वीज येते का, ते मोजावे. वीज येत असेल तर पुढची वायर किंवा मोटर दोषी. वीजपुरवठा, अर्थिंग, संदेशवहन सारे ठीक असूनही वीज येत नसेल, तरच बीसीएमला दोषी ठरवावे.

बॅटरी रात्रीतून उतरत असेल, तर गाडी कुलूपबंद करून सर्व संगणक ‘झोपी’ जाण्यासाठी अर्धा तास थांबावे व विजेची गळती मोजावी. सामान्यतः ती ५० मिलिअँपिअरच्या आत असते. बीसीएम जागाच राहिला आणि अर्धा अँपिअर वीज खात राहिला, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी होते.

बिघाडाची कारणे

आपल्याकडे पाणी हा बीसीएमचा मोठा शत्रू आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, तसेच जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य वाहने पुराच्या पाण्याखाली गेली. डॅशबोर्डखालील पेटीत पाणी शिरले, की पिनांवर हिरवट थर चढतो. पुरात सापडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न न करता प्रथम बॅटरी सोडवावी. समोरच्या काचेचे गळके रबर किंवा एसीची तुंबलेली नळीही हेच काम संथपणे करते.

दुसरे कारण बाहेरून केलेली जोडाजोड. मूळ वायर कापून बसवलेला रिमोट लॉक किंवा ६०/५५ वॉटच्या जागी टाकलेला १००/९० वॉटचा बल्ब बीसीएममधील नाजूक घटकांवर ताण आणतो. वॉरंटीचा दावाही अशा वेळी नाकारला जाऊ शकतो.

बदलताना घ्यावयाची दक्षता

नवा बीसीएम बसवणे म्हणजे बल्ब बदलणे नव्हे. पेटीचा भाग क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. जुन्या पेटीतील माहिती वाचता येत असेल तर ती आधी स्कॅनरमध्ये जतन करून घ्यावी. बॅटरीचे ऋण टोक काढून काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ वीज शिल्लक राहते. नव्या पेटीत गाडीचा चॅसिस क्रमांक, तिच्या सोयींचा तपशील आणि किल्ल्यांची ओळख भरावी लागते. हे काम सुरू असताना बॅटरीचा दाब घसरला तर नवी पेटीही निकामी होऊ शकते; म्हणून स्थिर दाबाचा चार्जर जोडून ठेवावा. गाडीच्या सर्व किल्ल्या सोबत न्याव्यात. न नेलेली किल्ली नंतर गाडी सुरू करू शकेलच असे नाही.

जुन्या बाजारातील बीसीएम स्वस्त मिळतो. परंतु तो दुसऱ्या गाडीच्या क्रमांकाशी व किल्ल्यांशी बांधलेला असू शकतो. तो आपल्या गाडीत चालेल याची लेखी हमी मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

खर्चाला होकार देण्यापूर्वी वाहनधारकाने गॅरेजला चार गोष्टी विचाराव्यात. स्कॅनरवर कोणते कोड आले? वीजपुरवठा व अर्थिंग मोजले का, आणि आकडे काय आले? जोडणीच्या पिना उघडून पाहिल्या का? प्रोग्रॅमिंगचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर पेटी बदलण्याआधी दुसऱ्या जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडी तपासून घ्यावी. काढलेली जुनी पेटीही आठवणीने ताब्यात घ्यावी. दोष कायम राहिला, तर तीच पुन्हा बसवून पडताळणी करता येते.